परमुलखी शिक्षकाचा नित्यक्रम

आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी काही जण पुढे शिक्षकाचा पेशा पतकरतात, आणि त्यांतील एखाददुसरा परदेशी जाऊन शिकविण्याचे मनात आणतो. आखाती प्रदेशात, आफ्रिका खंडात, मालदीव बेटांत आपल्या देशाचे शिक्षक कितीतरी वर्षांपासून जात आले आहेत. अशा तरुणांच्या ओठावर निघण्यापूर्वी जे प्रश्न असतात ते ठरलेले असतात. वेतन किती, करार किती वर्षांचा, राहावयास जागा मिळेल की नाही. हे प्रश्न गैर नव्हेत. परंतु परमुलखात पाऊल टाकल्यावर पहिल्या वर्षात मनुष्यास ज्या गोष्टी खरोखर छळतात त्या निराळ्याच. जेवावयास काय मागावे, कोणता पोशाख करावा, ज्यांनी आसरा दिला त्यांचे कोठवर ऐकावे, आणि बरोबर मूल असेल तर ते कोणाच्या वळणावर वाढू द्यावे, ह्यांचा करारपत्रात उल्लेख नसतो. आणि शिक्षकाचे चित्त वर्गात लागणे न लागणे पुष्कळ अंशी ह्यांवरच अवलंबून असते.

ह्या विषयावर सामान्य उपदेश करण्यापेक्षा एका प्रत्यक्ष उदाहरणाचा अभ्यास करावा असे आम्हांस वाटते. ते उदाहरण पंडिता रमाबाईंचे. रमाबाईंचे नाव आपल्या शाळेतील लहान मुलासही ठाऊक आहे. केडगावचे मुक्तिसदन, मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर, ह्या गोष्टी आपण दरवर्षी ऐकतो. परंतु १८८३ पासून १८८६ पर्यंत त्या इंग्लंडात होत्या, आणि त्या काळात त्या केवळ विद्यार्थिनी नसून शिक्षिकाही होत्या, ह्या गोष्टीकडे सहसा कोणी पाहत नाही.

तत्पूर्वी उलट दिशेने आलेल्या एका बाईंचे स्मरण केले पाहिजे, म्हणजे तुलना करता येईल. मिस सिंथिया फॅरार ह्या अमेरिकन बाई १८२७ च्या जून महिन्यात बोस्टनहून जहाजात बसल्या आणि ते वर्ष संपता संपता मुंबईस पोहोचल्या. सुवेझचा कालवा १८६९ साली खुला झाला. त्यांच्या वेळी आफ्रिकेस वळसा घालण्यावाचून मार्ग नव्हता. अमेरिकन मराठी मिशनच्या मुलींच्या शाळा पाहण्याचे काम त्यांजकडे होते. मराठी भाषा आल्याखेरीज ते काम होणे नाही, आणि मोल्सवर्थचा प्रसिद्ध कोश तर १८३१ साली छापून निघाला! भाषा कानांनी ऐकून, पंतोजीपुढे बसून उचलावयाची, तीही अविवाहित बाईने, अशा शहरात की जेथे वयात आलेली अविवाहित स्त्री हीच एक नवलाची वस्तू होती. मध्यंतरी प्रकृतीसाठी त्या दोन वर्षे मायदेशी गेल्या, आणि परत येऊन अहमदनगरास राहिल्या. तेथेच १८६२ साली त्यांचे देहावसान झाले. जोतीराव फुले ह्यांनी नगरास जाऊन ह्याच बाईंची मुलींची शाळा पाहिली, व तिचा आपल्या मनावर मोठा परिणाम झाला असे सांगितले. १८५३ सालच्या ‘ज्ञानोदया’त तो मजकूर आहे. फॅरारबाईंच्या पाठीशी एक मिशन होते, स्वभाषा बोलणारी चार कुटुंबे शेजारी होती, आणि गोऱ्या मनुष्यास त्या काळी ह्या देशात जो मान मिळे तोही होता. रमाबाईंची स्थिती ह्याच्या अगदी उलट होती. राज्यकर्त्यांच्या देशात प्रजेतील एक विधवा, कडेवर दोन वर्षांची मुलगी, आणि शिकवावयास निघालेली!

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी पत्नीस संस्कृत शिकविले व पत्नीने ते मुलीस दिले. दुष्काळात आईबाप गेल्यावर भावासह देशभर पायी फिरत त्या १८७८ साली कलकत्त्यास आल्या, आणि तेथील विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. १८८० साली विवाह, पुढील वर्षी कन्या मनोरमा, आणि १८८२ च्या आरंभी वैधव्य. त्याच साली पुण्यास आर्य महिला समाज निघाला आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. हे सर्व संक्षेपाने सांगण्याचे कारण इतकेच की, इंग्लंडास निघालेली ही बाई काही अजाण नव्हती. शेकडो पुरुषांच्या सभेत उभे राहून संस्कृतात बोलण्याची तिला सवय होती.

विलायतेस जाण्याचा खर्च त्यांनी पुष्कळसा ह्या पुस्तकाच्या उत्पन्नातून भागविला. वाँटेज नावाच्या लहानशा गावी सेंट मेरी द व्हर्जिन ह्या संघाच्या भगिनींचे मठगृह होते. त्याच संघाचे काम पुण्यासही चालू होते व तेथेच रमाबाईंचा परिचय झाला होता. करार असा ठरला की, ज्या भगिनी हिंदुस्थानात येणार त्यांस रमाबाईंनी मराठी शिकवावे, आणि त्याबदल्यात भगिनींनी त्यांस इंग्रजी शिकवून राहण्याजेवण्याची सोय करावी. विद्यार्थ्यांनी ह्या व्यवस्थेकडे बारकाईने पाहावे. दुसऱ्याच्या दारी केवळ आश्रित म्हणून राहणे आणि काही देऊन राहणे ह्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पुढे मतभेद झाले तेव्हा रमाबाईंस ताठ मानेने उत्तर देता आले, ह्याचे एक कारण आमच्या मते हेच की, त्या पहिल्या दिवसापासून तेथे शिक्षिका होत्या.

परंतु आरंभ फार कठीण गेला. त्यांच्यासोबत आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण आली होती. पोहोचून काही महिने होतात न होतात तोच ह्या आनंदीबाईंनी विष प्राशन करून आपला अंत करून घेतला. परक्या देशात, आपली भाषा बोलणारी जी एकच व्यक्ती होती तीच अशा रीतीने गेली. पुढे रमाबाई काही दिवस ऑक्सफर्डास प्राध्यापक मॅक्स म्युलर ह्यांच्या घरी होत्या. त्या धक्क्याने त्यांस रात्री एकटे निजवेना, म्हणून घरच्या मोलकरणीस त्यांच्या खोलीत निजावे लागे, असे म्युलरसाहेबांनी लिहून ठेविले आहे. एकांतवास हा परमुलखी शिक्षकाचा पहिला शत्रू होय, आणि त्यापुढे विद्वत्तेचा काही इलाज चालत नाही. आमच्या ओळखीचे जे कोणी दूरदेशी शिकवून आले आहेत ते सांगतात की, दिवस कामात जातो. संध्याकाळ जात नाही. जो तरुण असे जाणार असेल त्याने तेथे पोहोचताच एक मंडळी, एक घर किंवा निदान एक शेजारी जोडावा, आणि बरोबर आलेल्या सोबत्याचे मन कोठे भरकटत आहे हेही पाहत असावे.

त्याच वर्षी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंचा व मनोरमेचा वाँटेज येथे बाप्तिस्मा झाला. वैद्यकी शिकण्याचा त्यांचा मूळ बेत होता, परंतु कानांनी कमी ऐकू येऊ लागल्यामुळे तो सोडावा लागला. श्रवणशक्ती मंद आणि भोवती परकी भाषा, हा योग किती कष्टाचा असतो हे ज्यांनी वर्गात मागील बाकावरून इंग्रजी ऐकण्याचा यत्न केला आहे त्यांस कळेल.

१८८४ मध्ये त्या चेल्टनहॅम येथील लेडीज कॉलेजात गेल्या. ह्या संस्थेच्या प्रमुख मिस डोरोथिया बील ह्या होत्या. १८५८ पासून १९०६ पर्यंत, म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षे, त्यांनी ती संस्था चालविली. इंग्लंडातील स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात त्यांचे नाव मोठे आहे. रमाबाईंनी संस्कृत शिकवावे, आणि स्वतः गणित, निसर्गशास्त्र व इंग्रजी वाङ्मय ह्यांचा अभ्यास करावा, अशी दुहेरी व्यवस्था तेथे झाली. सकाळी गुरू आणि दुपारी शिष्य! आम्हांस ही व्यवस्था फार आवडते. जो शिक्षक परदेशात स्वतः काही शिकत राहतो त्याला त्या देशाचे लोक आपले वाटू लागतात. जो केवळ शिकवितो तो दोन वर्षांनीही पाहुणाच राहतो.

आता दिनक्रमातील बारीकसारीक गोष्टींकडे वळू. चेल्टनहॅम सुमारे बावन्न अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबर महिन्यात तेथे सूर्य चार वाजण्यापूर्वीच मावळतो आणि दिवस आठ तासांचाही भरत नाही. आपल्याकडे हिवाळ्यात अंगणात ऊन खात बसणे हे सुख. तेथे खोलीतील शेगडीत दगडी कोळसा सतत जाळावा तेव्हा बोटांत लेखणी धरवते. पायांत मोजे व बूट हवेत, एरवी चालणे अशक्य. रमाबाईंनी बूट, मोजे, कोळसा हे सर्व निमूटपणे स्वीकारले. पांढरे पातळ मात्र त्यांनी सोडले नाही. आणि अन्नाविषयी त्या ढळल्या नाहीत. मांसमासळी त्यांनी वर्ज्यच ठेविली.

येथे वादास तोंड फुटले. इंग्रजी जेवणात केवळ मांस टाळून भागत नाही. पुडिंगात अंडे असते, कणकेच्या पदार्थात चरबी असते, आणि यजमानीण मोठ्या प्रेमाने पुढे ठेवते ते नाकारणे म्हणजे तिचा अपमान. भगिनी जेराल्डिन ह्या रमाबाईंच्या धर्ममाता होत्या. रमाबाई त्यांस पत्रांतून ‘आजीबाई’ असे संबोधीत. ह्या आजीबाईंस वाटे की, ख्रिस्ती झाल्यावरही असे सोवळे पाळणे हा जातीचा अभिमान होय व तो गेला पाहिजे. रमाबाईंनी दिलेल्या उत्तराचा आशय असा की, माझा अभिमान तुम्हांस पुडिंगात, दुधालोण्यात, भातात, बुटांमोज्यांत, आणि मी रोज जाळते त्या कोळशातही शोधावयाचा असेल तर खुशाल शोधा. पण एखादी इंग्रज बाई हिंदू लोकांत येऊन राहिली आणि शेजाऱ्यांस उपद्रव होत नाही अशा आपल्या चालीरीती तिने सोडल्या नाहीत, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हटलेले तिला आवडेल काय? ही पत्रे ज्यांस वाचावयाची असतील त्यांनी १९७७ साली मुंबईस प्रसिद्ध झालेला पत्रसंग्रह पाहावा.

ह्या वादात भगिनी जेराल्डिन ह्यांस दुष्ट ठरविणे सोपे आहे. ते आम्ही करणार नाही. त्यांनी एका अनोळखी विधवेस व तिच्या लेकरास घर दिले होते, आणि आपण तिचे आत्मिक हितच पाहत आहो अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. शिवाय आपल्याकडे जातिभेद अन्नपाण्यातूनच चालतो, हे त्यांचे म्हणणे खोटे होते काय? आपल्या मंडळीतील वडीलधाऱ्यांना पंक्तीतील भेदाचे जे अनुभव आले ते आपण ऐकिलेच आहेत. त्यांची चूक इतकीच की, इंग्रजी चाल आणि ख्रिस्ती धर्म ह्यांतील सीमा त्यांस दिसली नाही. ज्या देशात धर्म व रिवाज शतकानुशतके एकत्र नांदले त्या देशाच्या मनुष्यास ती दिसणे कठीणच.

क्रूसाच्या प्रसंगी हेच पुन्हा दिसले. रमाबाईंनी गळ्यात घालावयाच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे असावी असे भगिनींचे मत पडले. रमाबाईंनी सांगितले की, मला लॅटिन समजत नाही, माझ्या देशभगिनींसही समजणार नाही; संस्कृत अक्षरे घाला. आणि पुढे विचारले की, ब्राह्मणांस संस्कृताविषयी जे पावित्र्य वाटते तसेच तुम्हांस लॅटिनविषयी वाटते काय? हा प्रश्न विचारणारी स्वतः ब्राह्मणकन्या व संस्कृतात पारंगत होती, हे लक्षात ठेविले म्हणजे त्यातील धार कळते.

सर्वांत मोठा खटका मात्र शिकविण्याच्या कामावरूनच उडाला. मिस बील ह्यांच्या मनात रमाबाईंस अधिक मोठे काम द्यावे, त्यांच्या व्याख्यानांस पुरुषही बसू शकतील असे करावे, असे होते. ही बातमी हिंदुस्थानातील बिशपांच्या कानी गेली. मुंबईचे व लाहोरचे बिशप ह्यांनी विरोध केला. बाईने पुरुषांस शिकविले असे कळले तर स्वदेशी परतल्यावर तिचे वजन नाहीसे होईल, असे त्यांचे म्हणणे. रमाबाई चकित झाल्या. ज्या देशाच्या नावाने हा निषेध होत होता त्याच देशात त्यांनी पुरुषांच्या सभा गाजविल्या होत्या. वडिलांनी वा पतीने त्यास कधी हरकत घेतली नव्हती. आणि आता स्वतंत्र देशात, स्त्रियांच्या उन्नतीचा डांगोरा पिटणाऱ्या लोकांत, हरकत निघावी! त्यांनी मिस बील ह्यांस १८८५ साली ह्या अर्थाचे स्पष्ट पत्र लिहिले. परमुलखी शिक्षकाविषयी निर्णय घेणारे पुष्कळदा त्याच्या देशाविषयी आपणांस त्याच्याहून अधिक कळते असे समजतात. अशा वेळी गप्प बसणे सुरक्षित वाटते. पण जो गप्प बसतो त्याच्या देशाची खोटी प्रतिमा त्याच्याच मौनाने पक्की होते. मिस बील ह्यांनी ऐकून घेतले, वाद घातला, पण स्नेह सोडला नाही. अशी एखादी वरिष्ठ मिळणे हे परदेशातील भाग्यच.

मनोरमेची गोष्ट लिहिताना मात्र लेखणी अडखळते. आई चेल्टनहॅमास अभ्यासात व शिकवण्यात, आणि मूल बराच काळ वाँटेजला भगिनींपाशी. लहान मूल जेथे राहते तेथलेच होते. त्याची भाषा बदलते, खेळ बदलतात, प्रार्थनेचे शब्दही बदलतात. मनोरमा आपल्या लोकांतील एक म्हणून वाढावी, त्यांच्याहून निराळी वा वरचढ प्राणी होऊन नव्हे, असा रमाबाईंचा आग्रह होता, व तिच्या धर्मशिक्षणाचा अधिकार आपलाच आहे हे त्यांनी भगिनींस निक्षून सांगितले. भगिनींस ह्याचे वाईट वाटले. ज्यांनी त्या पोरीस न्हाऊमाखू घातले त्यांच्या दुःखाकडे आम्ही डोळेझाक करीत नाही. तरी निकाल द्यावयाचाच झाला तर आम्ही आईच्या बाजूने देऊ. परदेशी राहून मुलांस स्वभाषा बोलावयास शिकविणे हे आजही तितकेच अवघड आहे, आणि ते काम शाळेवर सोपविता येत नाही. रोज रात्री निजताना आईबापांनीच ते करावे लागते.

१८८६ च्या फेब्रुवारीत रमाबाई अमेरिकेस गेल्या. फिलाडेल्फियास आनंदीबाई जोशी ह्यांचा वैद्यकीच्या पदवीदानाचा समारंभ ११ मार्च रोजी होता. ठरविले होते थोडे दिवस, राहिल्या दोन वर्षांहून अधिक. तेथे त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला आणि मराठी शाळांकरिता क्रमिक पुस्तके लिहावयास घेतली. इंग्लंडात संस्कृत शिकविणारी ही बाई अमेरिकेत लहान मुलांच्या बाकांवर बसून खेळणी व चित्रे ह्यांच्या साहाय्याने शिकविण्याची रीत शिकली.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास गेले. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई ही तरुण विधवा होती. पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला. सदनाच्या चालक स्वतः ख्रिस्ती होत्या. त्यांच्या घरी राहावयास येणाऱ्या ब्राह्मण विधवांना, वाँटेजच्या भोजनगृहात रमाबाईंपुढे जो प्रश्न उभा राहिला होता तोच प्रश्न पडणार होता. रमाबाईंनी त्यांच्यासाठी स्वयंपाकाची व्यवस्था त्यांच्या रिवाजाप्रमाणे राहू दिली, आणि ज्या मुलीस आपले आचार पाळावयाचे असतील तिला ते पाळण्याची मोकळीक ठेविली.